अकरा वर्षे, सहा महिने, तेरा दिवस

घरातून निघून गेलेला माणूस बारा वर्षे परतला नाही, त्याचे पत्र नाही, निरोप नाही, तर त्याच्या नावाने पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. पालाशविधी म्हणतात तिला. आमच्या गावात माझ्या आजीच्या आठवणीत असा एक विधी झाला होता. दिवस घालून, जेवणावळ उठून सगळे रीतसर पार पडले, आणि पुढच्याच वर्षी तो इसम एस.टी.तून उतरला. त्याच्या भावजयीने त्याला ओळखले नाही असे आजी सांगते. आजोबांचे म्हणणे वेगळे होते. तिने ओळखले, पण तिला ओळखायचे नव्हते, कारण मधल्या काळात जमिनीची वाटणी झाली होती.

ही गोष्ट आठवण्याचे कारण असे की, सुट्टीत ग्रंथालयातली जाडजूड पुस्तके चाळताना मला तिचा एक फ्रेंच नायक सापडला. त्याच्या नातेवाइकांनी मात्र बारा वर्षेसुद्धा दम धरला नाही. तो परत आला तेव्हा अकरा वर्षे, सहा महिने आणि तेरा दिवस झाले होते.

त्याचे पूर्ण नाव ग्योम जोसेफ हयासिंत झाँ-बाप्तिस्त ल जाँती द ला गालेझिएर. हजेरीपटात मावणार नाही इतके लांब. आपण त्याला नुसते ल जाँती म्हणू. जन्म १२ सप्टेंबर १७२५, फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या कुतांस गावचा. घरची मंडळी बेताच्या ऐपतीची. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची इच्छा. त्यासाठी तो पॅरिसला गेला, आणि तिथे दलील नावाच्या ज्योतिर्विदाची व्याख्याने ऐकायला जाऊन बसू लागला. एकदा आकाशाचा नाद लागल्यावर धर्मशास्त्र मागे पडले. १७४९ मध्ये देवयानीच्या मोठ्या तेजोमेघाशेजारचा एक लहान ठिपका त्याने शोधून काढला, तो आज एक स्वतंत्र दीर्घिका म्हणून ओळखला जातो. पुढे फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत त्याला जागा मिळाली. एवढ्यावरच तो थांबला असता तर सुखाने म्हातारा झाला असता आणि हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

पण त्या पिढीच्या ज्योतिर्विदांना एका घटनेचे वेध लागले होते. शुक्र हा ग्रह कधी कधी पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून जातो. तेव्हा सूर्याच्या तबकडीवरून एक काळा तीळ सरकत गेल्यासारखा दिसतो. याला शुक्राचे अधिक्रमण म्हणतात. ते आठ वर्षांच्या अंतराने जोडीने घडते आणि मग शंभराहून अधिक वर्षे घडत नाही. १७६१ आणि १७६९ अशी ती जोडी होती. त्यानंतरची १८७४ आणि १८८२, आणि त्यानंतरची २००४ आणि २०१२. शेवटच्या वेळी मी सहा वर्षांचा होतो. सहा जूनच्या सकाळी सूर्यावर तो तीळ होता, आणि मी बहुधा गोठ्यात होतो. आता पुढचा योग डिसेंबर २११७ मध्ये. म्हणजे या मासिकाच्या वाचकांपैकी कोणी तो पाहील अशी आशा नको.

त्या तिळाचे एवढे महत्त्व का, तेही सांगितले पाहिजे, नाही तर एका डागासाठी माणूस इतका का वणवणला हे कळणार नाही. नाकासमोर अंगठा धरून आधी एक डोळा आणि मग दुसरा मिटला, तर अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. तो किती सरकला यावरून अंगठ्याचे अंतर काढता येते. शुक्र हा अंगठा आणि सूर्य ही भिंत. डोळे मात्र हजारो मैल दूर असलेले हवेत, एक युरोपात तर दुसरा हिंदी महासागरात. म्हणजे शुक्र सूर्यावर नेमका किती वाजता चढला आणि किती वाजता उतरला हे पृथ्वीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून घड्याळ लावून टिपले, की सूर्य आपल्यापासून किती दूर आहे हे गणिताने निघते. एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने १७१६ मध्ये ही युक्ती मांडली आणि १७४२ मध्ये तो वारला. काम पुढच्यांनी करायचे होते. इंग्लंड, फ्रान्स आणि इतर देशांनी आपापली माणसे जगभर धाडली. ल जाँतीच्या वाट्याला पाँडिचेरी आली.

२६ मार्च १७६० रोजी त्याने फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातून जहाज धरले. अधिक्रमणाचा दिवस होता ६ जून १७६१. हातात सव्वा वर्ष होते, चिंता नव्हती. जुलैत तो मॉरिशसला पोचला. तेव्हा ते बेट फ्रेंचांचे होते आणि त्याला फ्रान्सचे बेट असेच म्हणत. तिथे कळले की हिंदुस्थानात इंग्रज-फ्रेंच लढाई जोरात आहे आणि पाँडिचेरीला इंग्रजांचा वेढा पडला आहे. जहाज मिळेना. त्यात त्याला आव झाली. अखेर मार्च १७६१ मध्ये मदतीला निघालेले एक लढाऊ जहाज मिळाले. वाऱ्याने त्याला भलतीकडेच हिंडवले. मे महिन्याच्या २४ तारखेला ते मलबार किनाऱ्यावर माहेजवळ आले, तेव्हा बातमी लागली की माहे गेले आणि पाँडिचेरीही गेली. कप्तानाने जहाज माघारी वळवले.

पाँडिचेरी पडली ती तारीख वाचून मी वही काढली आणि तिथेच थांबलो. १५ जानेवारी १७६१. पानिपतची संक्रांत १४ जानेवारीची. म्हणजे उत्तरेत भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दक्षिणेत फ्रेंचांनी शरणागती पत्करली. पानिपतावर आपला तोफखाना चालवणारा इब्राहिमखान गारदी हा फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली शिकलेला, हे तर आपण सगळे जाणतो. इतिहासाच्या पेपरात ही दोन प्रकरणे वेगवेगळी येतात, म्हणून आपणही ती वेगळीच पाठ करतो. त्या दोन दिवसांत हिंदुस्थानच्या दोन टोकांना जे झाले त्याचा फायदा शेवटी एकाच कंपनीला झाला. आणि या सगळ्या धुमाळीत समुद्रावर एक निरुपद्रवी माणूस लंबकाचे घड्याळ आणि दुर्बीण सांभाळत बसला होता, त्याला या राजकारणाशी काही कर्तव्य नव्हते.

६ जून उजाडला तेव्हा तो हिंदी महासागराच्या मध्यावर होता. गंमत बघा, त्या दिवशी आकाश चांगले होते. शुक्राचा तीळ त्याने डोळ्यांनी पाहिला. पण हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही आणि आपण नेमके कोणत्या रेखांशावर आहोत हेही तेव्हा समुद्रावर सांगता येत नसे. वेळ नाही, जागा नाही, मग नुसत्या पाहण्याचा गणिताला उपयोग शून्य. उत्तर बरोबर पण रीत लिहिलेली नाही, म्हणून गुण नाहीत, असा प्रकार. तिकडे त्याच किनाऱ्यावर मद्रासेत हर्स्ट नावाच्या इंग्रज पाद्र्याने ते निवांत जमिनीवर उभे राहून पाहिले.

दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. ल जाँतीने ठरवले की दुसरे अधिक्रमण आठच वर्षांनी आहे, तर इथेच थांबावे. नापास झालेला विद्यार्थी ऑक्टोबरला बसतो हे आपण पाहिले आहे. आठ वर्षे मांडवात बसून राहणारा हाच.

इथे एक गोष्ट मला सांगावीशी वाटते. ल जाँतीची हकीकत बहुतेक ठिकाणी विनोद म्हणून सांगितली जाते. जगातला सर्वांत दुर्दैवी ज्योतिषी, पुढे काय झाले ऐका, हसा आणि पान उलटा. मीही पहिल्यांदा हसलो. पण या मधल्या आठ वर्षांकडे त्या गोष्टी सांगणारे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि माझ्या मते त्याचे खरे आयुष्य तिथेच आहे. तो रडत बसला नाही. मादागास्कर बेटाच्या पूर्व किनाऱ्याचा त्याने नकाशा केला, तिथली माणसे, झाडे, खाणेपिणे यांची टिपणे काढली. हिंदी महासागरातले वारे कोणत्या महिन्यात कुठून वाहतात, भरती-ओहोटी कशी होते, याचा हिशेब मांडला. आमच्याकडचे लोक मामाच्या गावी आठ दिवस राहिले तर कंटाळतात.

मग त्याने गणित केले की १७६९ साठी फिलिपाइन्समधले मनिला अधिक सोयीचे. एका स्पॅनिश जहाजाने १७६६ च्या ऑगस्टमध्ये तो तिथे पोचला. मनिला स्पेनच्या ताब्यात. तिथल्या गव्हर्नराला हा दुर्बीणवाला फ्रेंच माणूस हेर वाटला आणि त्याची शिफारसपत्रेही बनावट वाटली. दरम्यान पाँडिचेरी तहाने फ्रेंचांना परत मिळाली होती आणि अकादमीचीही इच्छा त्याने तिथेच जावे अशी होती. तेव्हा मनिला सोडून तो निघाला आणि २७ मार्च १७६८ रोजी, घर सोडल्यावर आठ वर्षांनी, एकदाचा पाँडिचेरीला उतरला.

गव्हर्नर लॉ द लोरिस्तों याने त्याचे चांगले स्वागत केले. इंग्रजांनी किल्ला सुरुंग लावून उडवला होता, त्याच्या पडक्या भिंतींवर वेधशाळा बांधून दिली. खालच्या तळघरात बंदुकीच्या दारूचा साठा होता, त्यावर बसून हा तारे पाही. काल ज्यांच्याशी लढाई होती त्या मद्रासच्या इंग्रजांनी त्याला एक चांगली दुर्बीण पाठवून दिली. राजे लोक भांडत होते तरी ज्योतिषी लोकांचा एकमेकांशी शेजारधर्म चालू होता.

अधिक्रमणाला अजून सव्वा वर्ष होते. स्वस्थ बसणे त्याच्या स्वभावात नव्हते, म्हणून तो तिथल्या एका तमिळ ज्योतिषाकडे शिकायला बसला. हा भाग मी दोनदा वाचला. समोरचा माणूस कागद-लेखणी न घेता जमिनीवर कवड्या मांडतो, त्या इकडच्या तिकडे सरकवतो, तोंडाने पाठ केलेली सूत्रे पुटपुटतो, आणि थोड्याच वेळात ग्रहण किती वेळ चालेल ते सांगतो. अकादमीच्या सभासदाने ते पडताळून पाहिले. ३० ऑगस्ट १७६५ चे चंद्रग्रहण घेतले. कवड्यांच्या हिशेबात ४१ सेकंदांची चूक निघाली. युरोपात सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या मायरच्या कोष्टकांनी तेच ग्रहण काढले तर चूक ६८ सेकंदांची. ल जाँतीने हे लपवले नाही, पॅरिसला जाऊन छापून टाकले. त्याच्या लिखाणावरून पुढे बायी या विद्वानाने भारतीय ज्योतिषावर एक मोठा ग्रंथ रचला. अर्थात एका ग्रहणावरून आपण छाती फुगवू नये. कवड्या सरकवणाऱ्यालाही ती सूत्रे का बरोबर येतात हे सांगता येत नसे, आणि ल जाँतीने तेही नोंदवले आहे. आमच्या गावचे जोशीबुवा पंचांग वाचतात ते आणि मी सनावळ्या पाठ करतो ते, दोन्ही त्याच जातीचे.

आता ४ जून १७६९. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात माणसे पश्चिमेकडे डोळे लावून बसलेली असतात. ढग आला नाही तर घरात बोलणे बंद होते. ढग येऊ नये म्हणून जीव टांगणीला लागलेला माणूस मी पुस्तकातच प्रथम पाहिला. कोणी म्हणेल, जूनमध्ये हिंदुस्थानात आकाश मोकळे मागणारा वेडाच असला पाहिजे. तसे नाही. तमिळ किनाऱ्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. नैऋत्य मोसमी वारे तिकडे पोचेपर्यंत सह्याद्रीवर रिते होतात. ल जाँतीने वाऱ्यांचा अभ्यास केला होता, आणि त्याचा हिशेब बरोबर होता. मेच्या अखेरचे दिवस निरभ्र गेले. आदल्या संध्याकाळी त्याने गव्हर्नरासोबत गुरूचे चंद्र पाहिले, इतके आकाश स्वच्छ.

रात्री दोनच्या सुमारास त्याला जाग आली तेव्हा आकाश भरून आले होते. पहाटे वारा सुटला, थोडी आशा वाटली, पण ढग हलले नाहीत. पाँडिचेरीहून या वेळी अधिक्रमणाचा फक्त शेवट दिसणार होता, सूर्य उगवल्यापासून सात वाजण्याच्या आतबाहेरपर्यंत. तेवढा वेळ दुर्बिणीला डोळा लावून तो करड्या ढगाकडे पाहत राहिला. सात वाजले, शुक्र सूर्यावरून उतरून गेला. नंतर थोड्या वेळाने ढग विरले, सूर्य बाहेर आला आणि दिवसभर लख्ख तळपला. दुसऱ्या दिवशीही आकाश स्वच्छ. पुढे त्याला कळले की मनिलाहून ते अधिक्रमण उत्तम दिसले.

त्यानंतर दोन आठवडे त्याच्याच्याने लेखणी हातात धरवली नाही. इथे मात्र मला हसू आले नाही.

त्याच्या नशिबाची तुलना एकाशी करण्यासारखी आहे. शाप द ओतरोश हा त्याच अकादमीचा दुसरा सभासद. १७६१ चे अधिक्रमण त्याने सायबेरियात जाऊन पाहिले, १७६९ चे कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाशी. दोन्ही वेळा पूर्ण यश. कॅलिफोर्नियात त्या वेळी साथ चालू होती. निरीक्षणानंतर दोन महिन्यांच्या आत शाप तिथेच वारला. जगभरच्या अशा निरीक्षणांतून सूर्याचे अंतर पंधरा कोटी किलोमीटरच्या आसपास निघाले, म्हणजे आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. त्या आकड्यात शापचा वाटा आहे, ल जाँतीचा नाही. पण घरी पोचला तो ल जाँती.

पोचला म्हणजे कसा, तेही ऐका. पाँडिचेरीतच तो पुन्हा आजारी पडला. १७७० च्या मार्चमध्ये निघून मॉरिशसला आला, तिथे कित्येक महिने अंथरुणाला खिळला. पुढचे जहाज मिळाले ते केप ऑफ गुड होपच्या बाजूला वादळात सापडून मोडक्या अवस्थेत १७७१ च्या आरंभी परत मॉरिशसलाच आले. तिसऱ्यांदा एका स्पॅनिश लढाऊ जहाजाने त्याला घेतले आणि ऑगस्टमध्ये स्पेनच्या कादिझ बंदरात उतरवले. समुद्राला तो इतका विटला होता की उरलेला रस्ता त्याने जमिनीवरून कापला. पिरेनीज पर्वत ओलांडून ८ ऑक्टोबर १७७१ रोजी फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवले. अकरा वर्षे, सहा महिने, तेरा दिवस हा हिशेब त्याने स्वतःच केलेला आहे.

नॉर्मंडीत तो मेलेला होता. पाठवलेली पत्रे युद्धात आणि समुद्रात गडप झाली होती, मृत्यूची वार्ता पसरली होती, आणि वारसदार मालमत्तेची वाटणी करायला बसले होते. ज्या मुखत्याराकडे सगळे सोपवले होते त्याच्याकडची रक्कम चोरीला गेली, असे तो सांगत होता. ल जाँतीने कोर्टात धाव घेतली आणि दावा हरला. वर खर्चही त्याच्याच अंगावर पडला. अकादमीनेही त्याला निवृत्तांच्या यादीत ढकलून त्याची जागा दुसऱ्याला दिली होती.

इथे पुन्हा मला पुणे आठवले. पानिपतावर भाऊसाहेब पडले, पण त्यांची ओळख पटण्यावरून लोकांच्या मनात शंका राहिली. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. म्हणूनच तर तोतया उभा राहू शकला. भाऊसाहेब म्हणून त्याने रत्नागिरीकडे बंड केले, भलेभले त्याच्या नादी लागले, आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. एकाच आठवड्याने दोन माणसे हरवली. आपल्याकडे मेलेला माणूस जिवंत आहे असे लोकांना वाटत होते, कारण तो यावा ही त्यांची इच्छा होती. तिकडे जिवंत माणूस दारात उभा राहून मी आहे, मी आहे म्हणत होता आणि कोर्टात कागद दाखवत होता. आमच्या आजोबांचे म्हणणे मला पुन्हा आठवले.

पण पुढचे दिवस बरे गेले. अकादमीत त्याला परत घेतले. पंचेचाळिशी उलटल्यावर त्याने लग्न केले, एक मुलगी झाली, आणि पॅरिसच्या वेधशाळेतच त्याचे बिऱ्हाड होते. प्रवासाचा वृत्तांत त्याने दोन मोठ्या खंडांत लिहिला, १७७९ आणि १७८१ मध्ये ते छापून आले. त्यात अधिक्रमणाची ती सकाळ थोड्या पानांत आटोपते. बाकी सगळे वारे, भरती, मादागास्कर, मनिला, देवळे, माणसे आणि कवड्या. मुलीला मांडीवर घेऊन त्याने यातले काय काय सांगितले असेल कोण जाणे.

२२ ऑक्टोबर १७९२ रोजी तो आपल्या घरी वारला. राज्यक्रांती ऐन भरात होती. पुढल्याच वर्षी त्याची अकादमी बंद करण्यात आली आणि कवड्यांच्या हिशेबावर ग्रंथ लिहिणाऱ्या बायीचे मस्तक गिलोटिनखाली गेले. ल जाँतीला ते पाहावे लागले नाही. या वेळी तो वेळेवर निघाला होता.